मे महिन्यात टिकेल अशी कामाची जागा: गावातल्या घरात ऑफिस मांडताना

घरून काम करण्यासाठी टेबल-खुर्ची कशी मांडावी याचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. त्यातली खोली बहुधा पुण्या-बंगळुरूच्या फ्लॅटमधली असते. तिथे वीज जात नाही, भिंत रात्री दहापर्यंत तापलेली राहत नाही आणि शेजारच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला नसतो. तीच मांडणी यवतमाळ, वर्धा किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात केली तर मार्चपर्यंत छान चालते. एप्रिल लागला की माणूस लॅपटॉप उचलून छपरीत येतो आणि जूनपर्यंत तिथेच बाजेवर पाठ वाकडी करून बसतो.

म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे. आधी जागा, मग वीज, मग गारवा, आणि टेबल-खुर्ची त्यानंतर. मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता ज्या जागी दोन तास सलग काम होतं, ती जागा बारा महिने चालते.

जागा: तळहाताने निवडा

उन्हाळ्यात दुपारी तीन-चारच्या सुमारास घरातल्या प्रत्येक खोलीत जा आणि भिंतींवर तळहात ठेवा. पश्चिमेची भिंत भाजेल. दक्षिणेची त्या मानाने कमी, उत्तरेची आणि पूर्वेची सगळ्यात थंड. एक साधं भिंतीवरचं थर्मामीटर घेऊन दोन-चार दिवस वेगवेगळ्या खोल्यांत टांगलं तर अंदाज पक्का होतो. लॅपटॉप बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या वापरासाठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत धरतात. आपल्याकडे बाहेर पारा ४५ च्या वर असताना टिनाखालच्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. पंखा घोंगावतो, मशीन स्वतःच वेग कमी करतं, आणि आपण नेटला शिव्या घालतो.

जुन्या मातीच्या भिंतींचं कवेलूचं घर असेल आणि त्यातली एखादी मधली खोली मोकळी होणार असेल तर नवीन स्लॅबच्या खोलीपेक्षा तीच घ्या, असं माझं मत आहे. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत दुपारचं ऊन आत यायला रात्र करते. तिथे अडचण उजेडाची आणि नेटची येते, पण दोन्हींवर उपाय आहे. तापलेल्या स्लॅबवर स्वस्तातला उपाय तेवढा सोपा नाही.

टिनाची किंवा स्लॅबची खोलीच वाट्याला आली तर आधी वरून सुरुवात करा. मार्चमध्ये छताला पांढरा चुना मारायचा, त्यात फेविकॉलसारखा चिकट पदार्थ मिसळायचा म्हणजे तो हाताला लागत नाही आणि जूनपर्यंत टिकतो. टिनावर पऱ्हाट्यांचा किंवा धानाच्या तणसाचा थर टाकायची रीत जुनीच आहे आणि ती काम करते. फक्त आगीची जोखीम लक्षात घ्या, चुलीचा धूर किंवा विजेची उघडी तार जवळून जात असेल तर तो थर नको. आतून बांबूच्या तट्ट्यांचं छत टिनाच्या वीतभर खाली बांधलं आणि दोन्ही टोकांना हवा जायला फट ठेवली तर तापलेली हवा डोक्यावर उतरत नाही. पावसाचा टिनावरचा ताशाही त्याने थोडा दबतो.

वाळवीसाठी खोली एकदा नीट तपासा. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर आधी औषध मारा, मग टेबल आणा.

वीज: इथे पैसे वाचवू नका

गावातली खरी भीती वीज जाण्याची नसते, वीज भलतीच येण्याची असते. वादळात न्यूट्रलची तार तुटली की २३० व्होल्टच्या जागी घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. एका रात्रीत गल्लीतल्या टीव्ही, फ्रिज, चार्जर सगळ्यांचा धूर निघाल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे कमी दाबाची चिंता त्याला फारशी नाही, जास्त दाब मात्र त्याला मारतो. म्हणूनच लॅपटॉपसाठी वेगळा स्टॅबिलायझर घेण्यापेक्षा मीटरनंतरच्या बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. दाब २७० च्या आसपास गेला की तो घराची वीज तोडतो आणि स्थिर झाल्यावर परत जोडतो. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम आहे.

त्याच दिवशी त्याच्याकडून आणखी दोन कामं करून घ्या. एक, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा ब्रेकर. लोखंडी कूलरच्या पत्र्यात करंट उतरून माणसं जातात, दर उन्हाळ्यात पेपरात अशी बातमी असतेच. कूलरपासून चार फुटांवर दिवसभर बसणाऱ्याने हा ब्रेकर नसलेल्या घरात बसू नये. दोन, अर्थिंग. तीन पिनांचा प्लग आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं, कित्येक घरांत ती हिरवी तार बोर्डाच्या मागे नुसती लोंबत असते. मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब पाहायला सांगा. दोन-तीन व्होल्टपेक्षा बराच जास्त येत असेल तर खड्डा नव्याने करावा लागेल: प्लेट, कोळसा, मीठ. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि वाळलेल्या मातीत अर्थिंग कुचकामी ठरतं. मार्चपासून त्या खड्ड्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओतायचं. कूलर भरताना लक्षात ठेवलं की होतं.

आता इन्व्हर्टर. किती मोठा घ्यावा हे दुकानदाराला विचारण्याआधी घरी हिशेब करा. लॅपटॉप ५० वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणारा नवा) पंखा ३० वॅट, राउटर १० वॅट, एलईडी दिवा १० वॅट. झाले १०० वॅट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर देते. वाटेतली घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचा नियम धरला तर हजार-अकराशे उरतात. म्हणजे दहा तासांची सोय. जुना पंखा ७० ते ७५ वॅट खातो, तो ठेवला तर यातले तीनेक तास गेले. त्यामुळे दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखा बदला.

इन्व्हर्टरच्या मागे एक बारकं बटण असतं, यूपीएस आणि इको असं. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर ठेवावं लागतं, नाहीतर वीज जाताच तो बंद पडून पुन्हा सुरू होईल. लॅपटॉपवाल्यांनी इकोवर ठेवावं. कारण यूपीएस मोडमध्ये दाब १८० च्या खाली गेला की इन्व्हर्टर वीज असूनही बॅटरीवर जातो, आणि रब्बीत ओलिताचे पंप सुरू झाले की संध्याकाळी असा दाब रोज पडतो. बॅटरी उगाच झिजते. बॅटरी खोलीच्या बाहेर, सावलीत आणि हवेशीर जागी हवी. उष्णतेने तिचं आयुष्य भराभर कमी होतं आणि चार्ज होताना तिच्यातून निघणारा वायू पेट घेणारा असतो. देवघराच्या कोपऱ्यात, समईशेजारी ठेवलेली बॅटरी पाहिली की अंगावर काटा येतो.

छतावर सोलर बसवून घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे गावोगावी पॅनेल दिसू लागली. पण ग्रिडला जोडलेलं साधं सोलर लाइन गेली की तेही बंद होतं. लाइनवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून तशी रचनाच असते. बिल कमी होईल, लोडशेडिंगमध्ये उपयोग शून्य. त्यासाठी बॅटरी असलेलं हायब्रिड लागतं.

कूलर आणि लॅपटॉप यांचं जमवणं

मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की कूलरसारखी सोय नाही. दोन नियम पाळले की पुरे. कूलर खिडकीत, बाहेरून हवा ओढेल असा. आणि त्याच्या समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी. बंद खोलीत कूलर लावला तर तासाभरात हवा दमट होते, कागद वाकतात आणि घामही वाळत नाही. दुसरा नियम, झोत टेबलावर थेट येऊ देऊ नका. टेबल कूलरच्या रेषेपासून बाजूला, झोत पाठीवरून किंवा पायांवरून जाईल असं ठेवा. झोतातून बारीक तुषार उडतात, शिवाय पाण्यातले क्षार पांढऱ्या भुकटीसारखे कीबोर्डात बसतात. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात, लाकडी तंतूंच्या ताट्यांपेक्षा टिकतात मात्र जास्त. कूलरचा प्लग टेबलाच्या एक्स्टेन्शन बोर्डात कधीच नको, त्याला स्वतंत्र पॉइंट द्या.

जुलैत कूलर बंद करून झाकून ठेवा. तेव्हा पंखाच बरा.

टेबल: सुताराला द्यायची मापं

तयार टेबलं २९-३० इंच उंचीची येतात आणि ती पावणेसहा-सहा फुटी माणसाला बरी पडतात. सव्वापाच फुटी माणूस त्यावर टाइप करताना खांदे उचलून धरतो आणि महिन्याभरात मान आखडते. आपल्या सुतारासारखी सोय शहरात नाही, तिचा फायदा घ्या. ज्या खुर्चीवर बसणार ती आधी ठरवा. तीवर ताठ बसा, तळपाय जमिनीला टेकलेले, कोपर अंगाजवळ काटकोनात. जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत घरातल्या कुणाला तरी मोजायला सांगा. तीच टेबलाच्या वरच्या पृष्ठभागाची उंची. सव्वापाच-साडेपाच फुटाच्या माणसाला ती साधारण २५ ते २७ इंच येते. टेबल आधीच घरात असेल आणि उंच असेल तर पाय खालून कापून घ्या, किंवा खुर्ची उंच करून पायांखाली पाट द्या.

बाकी मापं: लांबी चार फूट, खोली दोन फूट असली की काम भागते, अडीच असली तर वहीसाठी पुढे जागा उरते. वरची फळी १९ मिलिमीटर प्लायची, कडांना लाकडाची पट्टी. फळीच्या मागच्या कडेला, मधोमध, दोन इंचांचं गोल भोक पाडायला सांगा; सगळ्या वायरी तिथून खाली जातील. चमकणारा सनमायका नको, खिडकीचा उजेड त्यात डोळ्यांवर येतो. मांडीच्या वर ड्रॉवर अजिबात नको, तो पायांना अडतो. हवा असेल तर उजव्या टोकाला. सागवान हवाच असा हट्ट धरायचं कारण नाही, पण घरी जुन्या दाराच्या चौकटी किंवा पडलेल्या घराच्या मयाली असतील तर त्यांचे पाय करा. ते लाकूड सुकलेलं असतं, वाकत नाही. पायांखाली रबराचे तुकडे ठोकून घ्या. सारवलेल्या किंवा पुसलेल्या जमिनीची ओल लाकडात चढत नाही.

खुर्ची

प्लास्टिकच्या खुर्चीवर दिवस काढता येतो, वर्ष काढता येत नाही. तिची पाठ मागे फार कलते आणि कमरेला आधार मिळत नाही. तात्पुरता इलाज म्हणजे बसायला चार पदरी घडीची गोधडी आणि कमरेच्या खळग्यात टॉवेलची घट्ट गुंडाळी, सुतळीने पाठीला बांधलेली. पहिले दोन-तीन महिने यावर निघतील.

मग जिल्ह्याच्या गावी जा. नागपूर-अमरावतीकडे कार्यालयं जागा बदलतात तेव्हा त्यांच्या जुन्या खुर्च्या बाजारात येतात, आणि नव्या स्वस्त खुर्चीपेक्षा जुनी चांगली खुर्ची केव्हाही बरी. विकत घेण्याआधी पंधरा मिनिटं तिच्यावर बसून राहा, दुकानदार काही म्हणत नाही. गॅस दबतो का, म्हणजे बसल्यावर खुर्ची हळूहळू खाली जाते का, ते पाहा. पाठ जाळीची असावी. रेक्झिनवर आपल्याकडे एप्रिलमध्ये शर्ट चिकटतो. चाकं शहाबादी फरशीवर ठीक चालतात, मातीच्या जमिनीत रुततात. तिथे बिनचाकांची घ्या.

जमिनीवर मांडी घालून बुटक्या उतरत्या डेस्कवर काम करणारे आहेत आणि ज्यांना लहानपणापासून सवय आहे त्यांना ते जमतंही. तासाभराच्या लिखाणाला हरकत नाही. आठ तास मात्र नको, पाठ गोल होतेच.

पडदा, कीबोर्ड आणि डोळे

लॅपटॉपची मुळातच एक खोड आहे: पडदा आणि कीबोर्ड जोडलेले असतात. हात बरोबर उंचीवर आले की मान वाकते, मान सरळ केली की हात वर जातात. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या आणि लॅपटॉप उचलून ठेवा, जुन्या जाड वह्यांच्या थप्पीवर ठेवला तरी चालतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. बायफोकल चष्मा असेल तर हा नियम मोडा आणि पडदा दोन-तीन इंच खाली घ्या, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी सतत वर धरावी लागते.

खिडकी डाव्या किंवा उजव्या बाजूला हवी. पाठीमागे असली तर उजेड पडद्यावर चमकतो आणि व्हिडिओ कॉलवर तुमचा काळा आकार दिसतो. मीटिंगा जास्त असतील तर टेबल थोडं फिरवून खिडकीकडे तोंड करा, चेहरा उजळतो. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावं असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. गावात वीस फूट शोधावे लागत नाहीत, अंगणातला कडुनिंब पुरतो.

नेट

गावात फायबर आलं असेल तर प्रश्नच मिटला, वायर थेट टेबलापर्यंत ओढून घ्या. राउटर बैठकीत आणि तुम्ही मातीच्या जाड भिंतीपलीकडे असाल तर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडतो, २.४ गिगाहर्ट्झवर जोडा, वेग कमी पण पोच जास्त. त्याहून बरं म्हणजे लॅन केबल. ती १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे वाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

फायबर नसेल तर सिमवर चालणारा फोरजी राउटर. टिनाखाली सिग्नल मरतो हे सगळ्यांना माहीत आहे. राउटरची बाहेरची अँटेना बांबूवर, टॉवरच्या दिशेने लावली की फरक पडतो. दोन कंपन्यांची सिमं ठेवा. व्हिडिओ कॉलला दोन ते चार एमबीपीएस पुरतात, पण ते अपलोडलाही मिळायला हवेत. चाचणी सकाळी सहाला करू नका, संध्याकाळी आठला करा, गाव रिकामं असतं तेव्हाचा आकडा खोटा असतो. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस वेगळा मिळतो. इन्व्हर्टर बसेपर्यंत तोच तारून नेतो.

वायरी आणि नीटनेटकेपणा

एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. टेबलाच्या फळीखाली मागच्या बाजूला दोन स्क्रूंनी उलटा टांगा. मग फरशी पुसताना पाणी लागत नाही आणि झाडू अडत नाही. प्रत्येक वायरीची जास्तीची लांबी सैल वेटोळं करून वेल्क्रोच्या पट्टीने बांधा. अडॅप्टरभोवती वायर करकचून गुंडाळायची सवय मोडा, मुळाशी तार तुटते ती त्यामुळेच. भिंतीवरून येणारी वायर केसिंग पट्टीत घाला. घरात धान्य किंवा ढेप साठवलेली असेल तर उंदीर आलेच. त्या बाजूची वायर लोखंडी लवचिक पाइपातून न्या, प्लास्टिक ते एका रात्रीत कुरतडतात.

टेबलावर काय ठेवायचं याचा माझा नियम कडक आहे: आज हात लागणार नाही ती वस्तू फळीवर नको. बियाण्याच्या पावत्या, बँकेची पासबुकं, मुलांच्या गुणपत्रिका, लग्नपत्रिका. घरात रिकामं टेबल दिसलं की हे सगळं तिथे येऊन पडतं. त्यासाठी भिंतीवर डोक्याच्या उंचीला एक फळी ठोकून द्या आणि घरात सांगून ठेवा की कागद वर. पाण्याची बाटली झाकणाची हवी आणि खालच्या स्टुलावर.

कापूस, कुटार आणि पाऊस

डिसेंबर ते मार्च घरात कापूस असतो. त्याचे तंतू हवेत तरंगतात आणि लॅपटॉपच्या पंख्यात नमद्यासारखा थर बसवतात. शक्य असेल तर कापसाची आणि कामाची खोली अशा ठेवा की मध्ये एक बंद दार राहील. रात्री लॅपटॉप सुती कापडाने झाका. थ्रेशर चालू असेल त्या दिवशी कुटाराची धूळ गावभर असते, खिडकी बंद ठेवून काम करा किंवा सुट्टी घ्या. लॅपटॉपची जाळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडायची. पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची हवा मारून घेण्याची पद्धत आहे, ती टाळा. त्या हवेसोबत पाणी आणि तेल येतं, आणि जोराने फिरून पंख्याचं बेअरिंग जातं.

मृगाच्या आधी टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, ओल धरणारी भिंत लाकडाला लागत नाही. पावसाळ्यात आभाळात गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

माणसं

आवाजाचा बंदोबस्त साधा आहे. तोंडाजवळ माइक येणारा वायरचा हेडफोन घ्या. चक्की, ट्रॅक्टर, देवळातलं भजन यातलं बरंचसं पलीकडे जात नाही. दाराच्या आतल्या बाजूला जुनी गोधडी टांगली की खोली घुमत नाही.

घरी असलेला माणूस रिकामाच असतो, ही समजूत घालवायला वेळ लागतो. "काहून भाऊ, आज ऑफिसले सुट्टी हाय काय?" म्हणत शेजारचे काका येणार, खुर्ची ओढून बसणार. त्यांना नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. पण मीटिंगची वेळ दारावर खडूने लिहायची सवय लावा. आठवड्याभरात पोरंसोरंही ती वाचून परत फिरतात. दार बंद म्हणजे काम, दार उघडं म्हणजे या. आईला आणि बायकोला हा नियम आधी पटला पाहिजे, मग गावाला.

प्रिंटर असेल तर तो या खोलीत ठेवूच नका. सातबारा, पीक विम्याची पावती, पोराचा दाखला काढायला दिवसातून चार जण येतात. छपरीत, बंगईजवळ एका स्टुलावर प्रिंटर ठेवा आणि त्याची छापण्याची वेळ ठरवून द्या, संध्याकाळी सहानंतर. चहा तिथेच पाजता येतो.